दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण

५ मार्च २०१५ च्या दुपारी अभिनेता हॅरिसन फोर्ड कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका विमानतळावरून आपले रायन बनावटीचे विमान घेऊन एकटाच उडाला. विमान दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, उघड्या कॉकपिटचे, लष्करी वैमानिकांच्या शिक्षणासाठी बनवलेले. धावपट्टी सोडून फार वेळ झाला नव्हता. उंची अकराशे फुटांच्या आसपास असताना इंजिनाची ताकद गेली. त्याने टॉवरला कळवले आणि परत वळायचा प्रयत्न केला, पण विमानतळापर्यंत पोचणे जमणार नव्हते. शेवटी विमान जवळच्या गोल्फ मैदानात उतरवताना एका झाडाचा शेंडा लागला आणि ते आदळले. फोर्डला जबर मार बसला, जीव वाचला. त्याच्या प्रसंगावधानाचे जगभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. काही महिन्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल आला, तो मात्र फार थोड्यांनी वाचला असेल.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा एक छोटा आटे असलेला भाग असतो, त्याला मेन जेट म्हणतात. तो आपल्या जागेवरून सैल होऊन फिरला होता. इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल इतके जास्त मिळाले की ते गुदमरले. काही तुटले नव्हते, काही झिजले नव्हते. हा कार्ब्युरेटर विमानाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा, म्हणजे अपघाताच्या सुमारे सतरा वर्षे आधी, उघडून नव्याने जोडलेला होता. त्या जेटची पकड अधूनमधून पाहावी अशी सूचना देखभालीच्या कागदपत्रांत नव्हती. त्यामुळे ती कुणी पाहिली नाही आणि न पाहण्याने कुठला नियमही मोडला नाही. अहवालात आणखी एक गोष्ट होती. खांद्यावरून येणारा सुरक्षापट्टा सीटच्या पाठीच्या पातळ पत्र्याला नीट आधार न देता बसवला होता. विमान आदळताना तो उपयोगी पडला नाही आणि जखमा वाढल्या. म्हणजे इंजिन बंद पडण्याचे कारण आणि माणूस जास्त जखमी होण्याचे कारण, दोन्ही कुणीतरी चांगल्या हेतूने केलेल्या कामातून आले होते.

छोट्या विमानाचे इंजिन हवेत बंद पडले की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात: विमान जुने झाले होते, किंवा त्याची देखभाल झाली नव्हती. उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत आणि सोयीची आहेत. त्यांच्या आडोशाला एक समज निवांत बसून राहतो, तो असा की विमान दुरुस्तीहून आले, इंजिनियरने लॉगबुकात सही केली, म्हणजे आता काळजी मिटली. माझ्या मते छोट्या विमानांच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारा समज हाच आहे. इंजिनाला हात न लावल्याने धोका येतो, तसा हात लावल्यानेही येतो. पहिल्याबद्दल सगळेच बोलतात. दुसऱ्याबद्दल हँगरच्या आत बोलले जाते, बाहेर क्वचितच.

सेसना किंवा पायपरसारख्या बहुतेक छोट्या विमानांत लायकमिंग किंवा कॉन्टिनेन्टल या अमेरिकी कंपन्यांची चार वा सहा सिलिंडरची, हवेने थंड होणारी पिस्टन इंजिने असतात. त्यांचा मूळ आराखडा सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा. ही तक्रार नव्हे, कारण तो आराखडा शहाणपणाने केलेला आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात, ते बॅटरीवर अवलंबून नसतात. विमानातली सगळी वीज गेली तरी इंजिन चालत राहते. पण जिथे दोन देता आले तिथेच दोन दिलेले आहेत. क्रँकशाफ्ट एक, तेलाचा पंप एक, कार्ब्युरेटर एक. काही मॉडेलांत तर दोन्ही मॅग्नेटो एकाच पेटीत, एकाच दांड्यावर बसवले आणि ती पेटी इंजिनाला पक्की धरणारी पकड सैल झाली की दोन्ही एकदमच निकामी होतात. कागदावर दोन, प्रत्यक्षात एक.

गाडी बंद पडली तर ती हायवेच्या कडेला घेता येते. सेसना १७२ इंजिनाशिवाय जितकी उंची गमावते, तिच्या साधारण नऊपट अंतर पुढे सरकते. हजार फुटांवर इंजिन गेले तर वाऱ्याची साथ गृहीत न धरता सुमारे पावणेतीन किलोमीटर मिळतात, तीनशे फुटांवर गेले तर जेमतेम आठशे मीटर. त्या आठशे मीटरमध्ये समोर जे असेल तेच उतरायचे ठिकाण. म्हणून उड्डाणानंतरचे पहिले मिनिट वैमानिक ज्या एकाग्रतेने घालवतात तितक्याच एकाग्रतेने त्याआधीच्या महिन्यांचा हिशेब मांडायला हवा. तो मात्र तसा मांडला जात नाही.

आधी हात न लावण्याचा धोका पाहू. इथे वाईट चालवण्यापेक्षा न चालवणे जास्त घातक ठरते, ही गोष्ट नव्या मालकाच्या सहसा लक्षात येत नाही. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन बंद झाले की तेल निथळून खाली जाते आणि काही आठवड्यांत कॅमवरचा तेलाचा पापुद्रा विरळ होतो. जळलेल्या पेट्रोलमधून आलेली पाण्याची वाफ आणि आम्ले इंजिनाच्या पोटात असतातच. कॅम आणि त्यावर घासणारा टॅपेट यांच्यावर दाब प्रचंड असतो, म्हणून त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम कठीण केलेला असतो. त्या पृष्ठभागावर गंजाचा एक बारीक खड्डा पडला की पुढच्या काही तासांत त्याच्या कडा तुटायला लागतात, तुकडे तेलात जातात आणि तेलाबरोबर सगळीकडे फिरतात. लायकमिंगचे मार्गदर्शन असे की तीस दिवसांतून एकदा तरी विमान सलग तासभर उडवावे आणि तेलाचे तापमान ७४ ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावे, म्हणजे पाणी उडून जाईल. ते जमणार नसेल तर इंजिन साठवणुकीच्या पद्धतीने बंद करून ठेवावे. हँगरसमोर पंधरा मिनिटे इंजिन चालवून बंद करणारे मालक समाधानाने घरी जातात. खरे तर तेवढ्याने तेल पुरेसे तापत नाही, वाफेची मात्र आणखी भर पडते. जुहूसारख्या समुद्रकाठच्या धावपट्टीवर, पावसाळ्याचे चार महिने असे चालले तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

अशा इंजिनाची खबर सर्वांत आधी देतो तो तेलाचा फिल्टर. पण तो उघडून पाहावा लागतो. साधा चिमटा किंवा करवत चालत नाही, कारण त्याचाच कीस आत पडतो. डबा कापायला खास कटर असतो. तो डब्याच्या काठाभोवती फिरवून झाकण काढायचे, आतला घडीदार कागद धारदार सुरीने सोडवायचा, तो ट्रेमध्ये हात-दोन हात लांब उलगडायचा आणि उन्हात तिरका धरायचा. काळी चमक दिसली तर ती बहुधा कार्बनची असते, बोटाने चुरडते. चांदीसारखी चमक दिसली तर चुंबक फिरवायचा. चिकटली तर लोखंड, म्हणजे कॅम, टॅपेट किंवा एखादा गिअर. न चिकटली तर ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा पिस्टनपिनच्या टोकांचे प्लग असू शकतात. चिमूटभर आणि चहाचा पाव चमचा यांतला फरक इंजिन पुढच्या तपासणीपर्यंत चालवायचे की आजच खाली उतरवायचे हे ठरवतो. या कामाला अर्धा तास पुरतो. तरीही लॉगबुकात 'फिल्टर बदलला' इतकेच लिहिलेले आणि जुना फिल्टर न कापता कचऱ्यात गेलेला, हे घडते. फिल्टर असलेल्या इंजिनाचे तेल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलावे असे लायकमिंगचे सांगणे आहे. त्यातले ५० तास मालकांच्या लक्षात राहतात. चार महिने विसरले जातात, कारण वर्षाला तीस तास उडणाऱ्याला वाटते की आपले तेल अजून नवेच आहे.

विमानांचे वय हाही मुद्दा आहेच. १९८६ मध्ये सेसनाने पिस्टन इंजिनाची छोटी विमाने बनवणेच थांबवले, कारण जुन्या विमानांच्या अपघातांवरून कंपनीवर होणारे नुकसानभरपाईचे दावे परवडत नव्हते. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून अशी जबाबदारी विमानाच्या पहिल्या अठरा वर्षांपुरती मर्यादित केली आणि १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. मधल्या दहा वर्षांच्या खड्ड्यामुळे आणि नंतरच्या चढ्या किमतींमुळे आजही जगभर १९७० च्या दशकातली विमाने मोठ्या संख्येने उडतात. पण वयाला दोष देताना जरा सबुरी हवी. इंजिनाचे वय आणि इंजिन बंद पडण्याची शक्यता यांचे नाते आपल्याला वाटते तितके सरळ नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची लिबरेटर विमाने अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या शोधत फिरत. त्यातली बरीचशी कोणत्याही वेळी दुरुस्तीसाठी उभी असत. या प्रश्नावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांत सी. एच. वॉडिंग्टन होते. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ, भ्रूणविकासाचे अभ्यासक, इंजिनांशी त्यांचा संबंध नव्हता. त्यामुळेच कदाचित त्यांनी इंजिनियरांना न सुचणारा प्रश्न विचारला: ठरलेल्या ५० तासांच्या तपासणीनंतर बिघाड कमी होतात का? आकडे मांडले तेव्हा उलटेच दिसले. तपासणीहून आलेल्या विमानात बिघाडांचे प्रमाण सर्वाधिक असे, पुढे ते कमी होत जाई, आणि पुढची तपासणी झाली की पुन्हा वर जाई. तपासणी स्वतःच बिघाड आणत होती. चांगले चाललेले भाग उघडले जात होते, पुन्हा बसवताना चुका होत होत्या. तपासण्यांमधले अंतर वाढवले, निरुपयोगी कामे वगळली, तेव्हा विमानांचे उपयोगी उड्डाणतास साठ टक्क्यांच्या आसपास वाढले. हे काम तेव्हा गोपनीय होते. वॉडिंग्टनांचे पुस्तक १९७३ मध्ये बाहेर आले.

१९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. प्रवासी विमानांच्या भागांपैकी वय वाढेल तसा बिघाड वाढतो असे भाग त्यांना फक्त ११ टक्के आढळले. ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता नवा किंवा नुकता बसवलेला असतानाच सर्वांत जास्त होती, नंतर ती कमी होऊन स्थिर राहत होती. हे आकडे जेट विमानांचे आहेत, चार सिलिंडरच्या लायकमिंगला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी दिशा तीच आहे. अमेरिकेतले माइक बुश यांच्यासारखे जाणकार गेली अनेक वर्षे छोट्या विमानांच्या मालकांना हेच सांगत आहेत, आणि त्यांना विरोधही भरपूर होतो. विरोध समजण्यासारखा आहे. 'कमी उघडा' हा सल्ला कंजूष मालकाच्या कानावर 'काहीच करू नका' असा पडतो.

उघडण्याचा धोका नेमका कसा येतो, याचे एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. समजा वार्षिक तपासणीत एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी भरले. तपासणीत सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा भरतात आणि किती टिकते ते पाहतात. ८० पैकी ७२ टिकली तर उत्तम. आकडा साठच्या खाली गेला की मेकॅनिकचा हात सिलिंडर काढण्याकडे जातो. २००३ मध्ये कॉन्टिनेन्टल कंपनीने स्वतःच सांगितले की केवळ या आकड्यावरून निर्णय घेऊ नका, बोअरस्कोपने सिलिंडरच्या आत डोकावून व्हॉल्व्ह आणि भिंती पाहा. कारण आकडा एका दिवसात दहा-पंधराने इकडेतिकडे होऊ शकतो आणि सिलिंडर काढणे हे वाटते तितके निरुपद्रवी काम नाही. सिलिंडर धरून ठेवणारे काही लांब बोल्ट क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांनाही एकमेकांशी आवळून धरतात. ते सोडले की क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवरची पकड ढिली होते. अशा अवस्थेत कुणी सहज प्रोपेलर फिरवला तर बेअरिंगचे कवच जागचे हलू शकते आणि तेलाचे भोक झाकले जाऊ शकते. पुन्हा बोल्ट आवळताना सिलिंडरच्या बुडाशी रंगाचा थर राहिला, किंवा आट्यांना सांगितलेले वंगण लावले नाही, तर टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवते आणि प्रत्यक्ष ताण कमी पडतो. रंग नंतर दबतो, नट सैल होतो. बाहेरून सगळे व्यवस्थित दिसते, नटावर खुणेची रंगीत रेघही सरळ असते. एक कमकुवत सिलिंडर बदलण्याच्या नादात आख्खे इंजिन पणाला लागते आणि याचा निकाल पुढच्या दहा तासांत किंवा दोनशे तासांत कधीही लागू शकतो.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. इंजिन का मोडले हे मोडल्यानंतरही नेहमी निर्विवादपणे कळते असे नाही. ३१ मे २००० च्या रात्री ऑस्ट्रेलियात व्हायाला एअरलाइन्सचे पायपर चीफटन विमान ॲडलेडहून व्हायालाकडे जाताना स्पेन्सर आखातात कोसळले. दोन इंजिनांचे विमान, दोन्ही इंजिने निकामी झाली, विमानातले आठही जण गेले. एका इंजिनाचा क्रँकशाफ्ट थकव्याच्या चिरेने तुटला होता, दुसऱ्यातल्या एका पिस्टनला वितळून भोक पडले होते. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्यूरोने इंजिन कसे चालवले जात होते, पेट्रोलचे मिश्रण किती पातळ ठेवले जात होते, बेअरिंग बसवताना वापरलेल्या लेपामुळे पकड कमी झाली का, अशा गोष्टींकडे बोट दाखवले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कॉरोनरने ते मानले नाही. क्रँकशाफ्टच्या पोलादातच मूळ दोष असावा, असे त्याचे मत पडले. त्याच सुमारास लायकमिंगच्या काही क्रँकशाफ्टमधल्या पोलादाच्या दोषावरून अमेरिकेत शाफ्ट परत मागवले जात होते, हे त्यामागे होते. दोन सरकारी यंत्रणा, एकच मोडका शाफ्ट आणि दोन उत्तरे. दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा हिशेबही त्या रात्री चुकला. दोन्ही इंजिनांना एकाच पद्धतीने चालवले आणि एकाच पद्धतीने जपले तर ती दोन राहत नाहीत.

मग जबाबदारी कुणाची? प्रवासी कंपनीत उडवणारा वेगळा, खर्च मंजूर करणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असतो. त्यांचे आपसात पटत नाही, आणि प्रवाशांच्या दृष्टीने ती चांगलीच गोष्ट आहे. खासगी विमानात यातली तीन माणसे बहुधा एकच असतात. मालकच पैसे देतो, मालकच उडवतो, 'हा आवाज पुढच्या महिन्यात पाहू' हेही मालकच ठरवतो. अमेरिकेत खासगी वापराच्या विमानाला इंजिनाचे ठरलेले तास, म्हणजे टीबीओ, पाळण्याची सक्ती नाही. कंपनीची सर्व्हिस बुलेटिनेही बंधनकारक नाहीत. सरकारी हुकूम म्हणून निघालेले एअरवर्दीनेस डिरेक्टिव्ह तेवढे सक्तीचे. हे स्वातंत्र्य चुकीचे आहे असे मला वाटत नाही. इंजिनाची अवस्था पाहून निर्णय घेणारा मालक तारीख पाहून निर्णय घेणाऱ्यापेक्षा शहाणा असतो. मात्र अवस्था पाहण्याचा खर्च टाळून फक्त तारीख टाळणारे जास्त असतात.

इंजिन बंद पडल्याशिवायही त्याची हेळसांड जीव घेऊ शकते. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्सहून वेल्सला जात असताना त्याचे एक इंजिनाचे पायपर मालिबू विमान गर्न्सीजवळ समुद्रात पडले. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ५८ टक्के आढळले. ब्रिटिश तपास यंत्रणेने वायू इंजिनाच्या एक्झॉस्टमधून केबिनमध्ये आला असण्याची शक्यता सांगितली आणि वैमानिकालाही त्याची बाधा झाली असणार असे म्हटले. त्या उड्डाणात बेकायदा गोष्टी इतरही होत्या, वैमानिकाकडे रात्री उडण्याचा परवाना नव्हता. तरी एक्झॉस्टच्या पाइपातली संभाव्य चीर आणि काही हजार रुपयांत मिळणारा मोनॉक्साइड डिटेक्टर या दोन गोष्टी मनातून जात नाहीत.

नवी इंजिने आली की हे सगळे मागे पडेल, असे सांगणारे विक्रेते भेटतात. जर्मनीतल्या श्पायर येथे मार्च २००७ मध्ये डायमंड डीए-४२ हे नव्या धाटणीचे, संगणकाने नियंत्रित दोन डिझेल इंजिनांचे विमान उडाले. बॅटरी उतरलेली होती, म्हणून बाहेरची वीज जोडून इंजिने सुरू केली होती. जमीन सोडल्यावर चाके आत घेताच विजेचा दाब क्षणभर घसरला आणि दोन्ही इंजिनांचे नियंत्रण एकदम कोलमडले. जुन्या मॅग्नेटोला बॅटरीची फिकीर नव्हती, नव्या इंजिनात ती मेलेली बॅटरीच इंजिनाचा भाग झाली होती. छोट्या विमानांत आता बऱ्याच ठिकाणी दिसणाऱ्या रोटॅक्स इंजिनाला पाच वर्षांनी रबराच्या सगळ्या नळ्या बदलाव्या लागतात, इंजिन किती तास चालले याला महत्त्व नाही. यंत्र बदलले की विसरण्याच्या जागा बदलतात.

आपल्या महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. बारामती, धुळे, गोंदिया, शिरपूर इथे उड्डाण शिकवले जाते. ही विमाने मालकाची हौस म्हणून हँगरमध्ये पडून नसतात, उलट दिवसभर चढ-उतार करत असतात. म्हणजे न चालवण्याचा धोका इथे कमी आणि घाईघाईत उघडण्या-जोडण्याचा जास्त. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने आठवड्याच्या आत कोसळली. सहा महिन्यांत पाच घटना झाल्यावर डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्या संस्थेची उड्डाणे थांबवली. जून २०१८ मध्ये घाटकोपरला जे किंग एअर पडले ते अनेक वर्षे बंद असलेले विमान होते, पुन्हा उडण्याजोगे करून जुहूहून चाचणीसाठी नेले होते. विमानातले चौघे आणि खाली रस्त्यावरचा एक माणूस गेला. तो अपघात इंजिन बंद पडल्याने झाला असे म्हणता येत नाही. पण दुरुस्तीनंतरची चाचणी दाट वस्तीवरून का, हा प्रश्न त्यानंतर जितका जोरात विचारायला हवा होता तितका विचारला गेला नाही.

पिस्टन इंजिनावर काम करणारे अनुभवी हातही कमी होत आहेत. आपल्याकडे विमान देखभाल इंजिनियरच्या परवान्याची पिस्टन विमानांसाठी वेगळी श्रेणी आहे, बी-१.२. असा इंजिनियर होऊ पाहणाऱ्या मुलाला विमान कंपन्यांत नोकरी हवी असते, तिथे जेट इंजिने असतात, म्हणून तो बी-१.१ कडे जातो. तेही बरोबरच, पगार तिथे आहे. छोट्या संस्थेत उरतात ते निवृत्तीला आलेले एक-दोन जण आणि त्यांच्या हाताखाली पाना-पक्कड धरणारी, परवाना नसलेली मुले. काम मुले करतात, सही साहेबांची असते. साहेबांनी काम डोळ्यांनी पाहिले की फक्त कागद पाहिला, हे लॉगबुक सांगत नाही. संध्याकाळी सातला संपलेल्या कामाचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिल्या एकट्याच्या उड्डाणाला निघालेल्या मुलीच्या हाती जाते. मोठ्या दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण अनुभवी वैमानिकाने एकट्याने, धावपट्टीच्या वरच घिरट्या घालत, किमान अर्धा तास करावे आणि उतरल्यावर काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उघडून तेल कुठे झिरपते का हे पाहावे. यात नवे काहीच नाही. यासाठी एक पेट्रोलची टाकीही लागत नाही, पण सकाळचा एक स्लॉट जातो आणि स्लॉट म्हणजे संस्थेचे उत्पन्न.

कमर्शियल परवान्यासाठी पालक पन्नास लाखांच्या घरात रक्कम भरतात. प्रवेश घेताना ते हॉस्टेल पाहतात, सिम्युलेटर पाहतात, निकालाची टक्केवारी विचारतात. त्यांनी हँगरही पाहावे. परवानाधारक इंजिनियर किती आणि विमाने किती, गेल्या वर्षभरात किती वेळा शेतात किंवा रस्त्यावर उतरावे लागले, मोठ्या कामानंतर पहिले उड्डाण कोण करतो, हे विचारावे. शेवटी कापून उलगडलेला एक तरी तेलाचा फिल्टर दाखवा, असे म्हणावे. तिथला माणूस कपाटातून तारीख लिहिलेल्या पिशव्या काढतो की 'ते सगळं आमचे इंजिनियर बघतात' असे म्हणतो, हे पाहूनच फीचा चेक लिहावा.